नजरगहाण मासे

बँकेत कारकून म्हणून चिकटल्याला मला आता एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी पुष्कळ गोष्टी मोजल्या. नोटा तर मोजल्याच. त्यासाठीच पगार मिळतो. देवस्थानच्या पेटीतली चिल्लर मोजली. कर्जावर घेतलेल्या शेळ्या मोजल्या, आणि त्या मोजताना एकच शेळी गोठ्याला वळसा घालून तीनदा समोरून जाते, हेही शिकलो. पण जिवंत, हलती आणि डोळ्यांना न दिसणारी वस्तू मोजून आणा, असा हुकूम आयुष्यात एकदाच झाला. ती वस्तू म्हणजे मासे. तेही ताटातले नव्हेत, तलावातले.

मी बी.कॉम. आहे. बी.कॉम.ला कॉस्टिंग होतं, ऑडिटिंग होतं, मर्कंटाइल लॉ होता. रोहू नव्हता.

२०१३ साली माझी बदली गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान शाखेत झाली. मी सातारचा. 'गोंदिया' हे नाव तोवर मी रेल्वेच्या डब्यावरच्या पाटीवर वाचलं होतं. त्या पाटीच्या टोकाला जाऊन कोणी खरोखर राहतं, याची कल्पना नव्हती. आमच्या सौ. मूळच्या मालवणच्या. तलावांचा जिल्हा आहे, मासळी भरपूर मिळेल, असं मी त्यांना समजावू लागलो, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गोड्या पाण्यातला मासा? त्याला मासा का म्हणतात? पोहतो म्हणून?" मालवणी माणसाच्या दृष्टीने समुद्र संपला की मासा संपला. पुढे उरतो तो शाकाहार.

तिथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात 'मामा तलाव' हा शब्द कानावर आला. या गावाला मामा तलाव, त्या गावाला मामा तलाव. मला वाटलं, कोणी एक मोठा दानशूर मामा होऊन गेलेला दिसतो. एवढ्या भाच्यांना एवढे तलाव देणारा मामा मला का मिळाला नाही, अशी हळहळही वाटली. मग कळलं, मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने भातशेतीसाठी पूर्व विदर्भात हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि सरकारी कागदावर 'माजी मालगुजारी तलाव' असं लिहून लिहून दमलेल्या कोणा कारकुनाने त्याचा 'मामा' केला असावा. हा शोध माझ्याच जातकुळीतल्या माणसाचा आहे, याबद्दल मला शंका नाही.

आमच्या शाखेच्या हद्दीतला असाच एक तलाव, अंदाजे अठरा हेक्टरांचा, गावातल्या धीवरांच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने होता. सभासद त्रेचाळीस. संस्थेने जाळी आणि मत्स्यबीज यांसाठी आमच्याकडून एक लाख वीस हजार रुपये कर्ज घेतलं होतं. जुलैमध्ये पंचवीस हजार बोटुकल्या तलावात सोडल्या, आणि त्या बोटुकल्या बँकेकडे तारण झाल्या.

इथे थोडं थांबून तुम्हाला मत्स्यव्यवसायातली शब्दसंपत्ती सांगितली पाहिजे, कारण ती मला फार आवडते. माशाचं अगदी बाळ असतं त्याला मत्स्यजिरे म्हणतात. खरंच ते जिऱ्याएवढं असतं. जरा वाढलं की मत्स्यबीज. बोटाएवढं झालं की बोटुकली. म्हणजे मासा स्वयंपाकघरात येण्याआधीच त्याची भाषा तिथे पोचलेली असते.

आता या बोटुकल्यांचं तारण कसं? सोनं बँकेत ठेवतात, घराचे कागद ठेवतात. मासे तिजोरीत ठेवता येत नाहीत. (उन्हाळ्यात तर मुळीच नाहीत.) म्हणून कायद्याने एक सोय करून ठेवली आहे, तिचं नाव नजरगहाण. माल कर्जदाराकडेच राहतो आणि बँक त्यावर नुसती नजर ठेवते. ही व्यवस्था ट्रॅक्टरच्या बाबतीत ठीक आहे. किराणा दुकानाच्या बाबतीतही चालून जाते. पण तलावातल्या गढूळ पाण्यावर नजर ठेवली तर तिथे आपलंच तोंड दिसतं.

जानेवारी २०१४ मध्ये वरून पत्र आलं की मार्चअखेरीपूर्वी सर्व तारण मालाची प्रत्यक्ष पाहणी करून संख्या कळवावी. आमच्या शाखेत माणसं तीन. मॅनेजरसाहेब, मी आणि शिपाई. मॅनेजरसाहेबांना पाण्याची भीती वाटत असे आणि शिपायाला अक्षरांची. तेव्हा मासे माझ्या वाट्याला आले.

तलावाच्या पाळीवर संस्थेचे अध्यक्ष बसले होते. सत्तरीचे गृहस्थ. सगळा गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. मामा तलावाचे मामा. त्यांना मी फॉर्म दाखवला. त्यात 'माल', 'नग', 'दर', 'एकूण' असे चार रकाने होते.

"मामा, मासे किती आहेत?"

मामांनी तलावाकडे पाहिलं, मग फॉर्मकडे पाहिलं, मग सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं.

"बहुत हायेत जी."

"बहुत म्हणजे किती? आकडा हवा."

"आता कायले मोजता साहेब? मे महिन्यात तलाव आटला का आपोआप मोजल्या जाते."

तिथेच बँक आणि तलाव यांच्यातला मूळ तंटा माझ्या लक्षात आला. बँकेचं वर्ष एकतीस मार्चला संपतं. तलावाचं वर्ष पहिल्या मोठ्या पावसाला सुरू होतं आणि मे महिन्यात, पाणी तळाशी गेलं की संपतं. खरा ताळेबंद तेव्हाच निघतो. पाणी उतरतं आणि सगळी शिल्लक आपणहून वर दिसते. पण मुख्य कार्यालयाला हे कोण सांगणार? त्यांनी रोह्यालाच परिपत्रक पाठवलं असतं.

मी हार मानली नाही. आमच्या सोसायटीत पूर्वी प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक राहत. त्यांना फोन केला. त्यांनी सांगितलेली युक्ती इतकी सुरेख होती की मला बँकेत आल्याचा पश्चात्ताप झाला. शंभर मासे पकडायचे, त्यांच्या परावर कात्रीने बारीकशी खूण करायची आणि सोडून द्यायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. समजा नव्वद मासे मिळाले आणि त्यात खुणेचे सहा निघाले, तर शंभर गुणिले नव्वद भागिले सहा. झाले तलावातले एकूण मासे. पीटरसन नावाच्या एका डॅनिश शास्त्रज्ञाची ही पद्धत. मी पाठ फिरवताच प्राध्यापक म्हणाले असतील, "बी.कॉम. आहे बिचारा." फोनवर पाठ फिरवता येत नाही ही गोष्ट वेगळी.

ठरल्याप्रमाणे मी सौं.ची शिवणाची कात्री घेऊन तलावावर गेलो. मामांचा मुलगा आणि चार गडी डोंगा घेऊन आले. शंभर मासे पकडून पाण्याच्या टोपात ठेवले, आणि मी एकेकाचा पर जरासा कातरून सोडू लागलो. पाळीवर निम्मा गाव जमला होता. "बँकेचा साहेब मासोळ्यांचे केस कापून राह्यला," अशी बातमी दुसऱ्या गावापर्यंत गेली. सौं.नी ती कात्री पुन्हा घरात घेतली नाही.

पंधरा दिवसांनी जाळं टाकलं. योगायोग पाहा, नव्वदच मासे आले आणि खुणेचे सहाच निघाले. उत्तर दीड हजार. मी हबकलो. सोडले होते पंचवीस हजार. मग साडेतेवीस हजार गेले कुठे? एखाद्या रोखपालाच्या पेटीत एवढी तूट आली असती तर तो त्याच संध्याकाळी निलंबित झाला असता.

मामा शांत होते. म्हणाले, "तुम्ही सोडल्या त्याच जागी जाळं टाकलं ना जी. त्या बिचाऱ्या पानी सोडून दूर कशा जातीन? त्या पार तिकडं टाकून पाहा."

हे खरं होतं. खुणेचे मासे इतरांत पुरते मिसळले पाहिजेत, ही त्या पद्धतीची पहिली अट. ती प्राध्यापकांनीही सांगितली होती, मीच विसरलो होतो. आम्ही पलीकडच्या टोकाला गेलो. सत्तर मासे आले. खुणेचा एकही नाही. आता शंभर गुणिले सत्तर भागिले शून्य.

मी पाळीवर बसून तीन वेळा हिशेब केला. कॅल्क्युलेटरने 'ई' असं अक्षर दाखवलं आणि तो गप्प बसला. एका टोकाला दीड हजार, दुसऱ्या टोकाला अनंत. मॅनेजरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सरासरी काढा."

"साहेब, अनंताची सरासरीही अनंतच येते."

"मग ती नका काढू. तो रकाना लहान आहे."

शेवटी मी 'तारण समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली. लिहिताना हात कापला. कारण तोवर मला या प्रकरणातली खरी गोम कळली होती. कर्जाचा अठरा हजार चारशे रुपयांचा हप्ता थकला होता. मार्चअखेरीला नव्वद दिवस पूर्ण होणार होते. त्या दिवशी पैसे आले नाहीत तर कर्ज एनपीएच्या यादीत जाणार. थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला नाही तर पुढच्या ठेक्याला संस्थेला उभंच राहता येणार नाही. गावाबाहेरचा एक ठेकेदार तलावावर डोळा ठेवून होताच. त्रेचाळीस घरं, आणि मासे मेमध्ये निघायचे.

"मामा, आत्ताच थोडे काढा ना!"

"आता रोहू पाव-पाव किलोचा हाये. आता काढला तं निम्मे पैशे. मेपर्यंत डब्बल होते."

"पण पंचवीस हजारांतले कमी कसे झाले?"

मामा हसले. "मरळीनं खाल्ले. श्रावणात एक मरळ कापली, तिच्या पोटात तीन बोटुकल्या निघाल्या. काही बगळ्यानं नेले, काही पानकावळ्यानं. काही सांडव्यावरून वाहून गेले."

म्हणजे बँकेचं तारण खाणारी एक मरळ होती! मी तिच्याबद्दल सविस्तर चौकशी केली. कर्जबुडव्यांबद्दल करतात तशी. ती मामांनी आनंदाने दिली. मरळ या तलावातलीच. तिला कोणी आणून सोडलेलं नाही. पाण्यावर तोंड काढून हवा घेते, म्हणून पाणी कमी झालं, गढूळ झालं तरी जगते. गवताच्या आडोशाला अंडी घालते, आणि लालचुटूक पिलांचा झुबका पाण्यात फिरतो तेव्हा आईबाप खालून राखण करत असतात.

"आणि रोहू-कटला?"

"त्या सरकारी मासोळ्या हायेत जी. बदलीवर येतात. खातात, मोठ्या होतात, पर संसार नाई मांडत."

हे ऐकून मला जरा लागलं, कारण मीही बदलीवरच आलो होतो. पण गोष्ट खरी आहे. रोहू, कटला, मृगळ ही नदीची माणसं. पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय, साठलेल्या तलावात ती सहसा वीण घालत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचं बी नदीतून गोळा करून आणावं लागे. १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी द्यायला लावलं, तेव्हापासून बी केंद्रात तयार होतं, प्राणवायू भरलेल्या पिशवीतून येतं आणि त्याची पावती मिळते. पावती मिळते म्हणून ते बँकेच्या वहीत बसतं. मरळ, मागूर, वाम, झिंगे यांची पावती नाही. त्यामुळे आमच्या वहीप्रमाणे ते त्या तलावात नव्हतेच.

मार्च उजाडला. मी रोज सकाळी शाखेत शिरताना त्या खात्याचं पान उघडून बघत असे. पान बघितल्याने हप्ता येतो असा कारकुनी समज आहे. अठ्ठावीस तारीख गेली. तीस गेली. एकतिसाला दुपारी चारच्या सुमारास माझ्या खिडकीशी आधी वास आला, आणि त्यामागून पाच बायका आल्या. पुढे बचत गटाच्या अध्यक्षबाई. त्यांनी लुगड्याच्या ओच्यातून एक ओलसर फडकं काढलं, गाठ सोडली आणि काउंटरवर नोटांचा ढीग केला. दहाच्या, विसाच्या, क्वचित पन्नासाची. बऱ्याचशा ओल्या. काहींना खवले चिकटलेले.

"मोजा साहेब. अठरा हजार चारशे."

मी मोजले. एकूण नऊशेच्या वर नोटा होत्या. एकही कमी नव्हती. पंख्याखाली वाळवत वाळवत सहा वाजले. मॅनेजरसाहेब नाकाला रुमाल लावून केबिनच्या दारात आले आणि हळूच मला म्हणाले, "अहो, हे तारण माल परस्पर विकून आणलेले पैसे तर नाहीत ना? तसं असेल तर पंचाईत आहे."

मी बाईंना विचारलं.

"रोहू कोन विकते आता? हे मरळीचे अन् झिंग्याचे पैशे हायेत. दोन महिने आम्ही रोज हातजाळं घेऊन कंबरभर पान्यात. मरळीले रोहूपेक्षा भाव हाये जी." मग काउंटरवरच्या माझ्या फॉर्मकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुमच्या वहीत जे मासे हायेत, ते वर्षातून एकदा निघतात. तुमच्या वहीत नाई, त्यायच्यावर आमची चूल पेटते."

मी मॅनेजरसाहेबांकडे पाहिलं. "साहेब, मरळ तारणात नाही." त्यांनी रुमाल काढला आणि पावती फाडायला सांगितली. ज्या मरळीने आमचं तारण खाल्लं होतं तिनेच आमचा हप्ता भरला, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी जमा-नावेची नोंद कशी करायची हे मला विचारलं असतं.

त्या संध्याकाळी बाईंनी जाताना केळीच्या पानात गुंडाळून एक मरळ माझ्या हातात दिली. लाच म्हणून नाही. हप्ता भरून झाला होता. सौं.नी ती उलटीसुलटी करून बघितली, निरुपायाने शिजवली, आणि जेवताना बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "समुद्रातली नाही हे ठीक आहे. पण हिच्यात समुद्राला काही कमीपणा नाही." मालवणकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आजवर कोणाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

मेमध्ये तलाव खाली गेला आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे मासे आपोआप मोजल्या गेले. चार हजार एकशे बारा. मी प्रत्येक टोपलीजवळ उभा राहून मोजले. दीड हजाराच्या बरेच वर आणि अनंताच्या बरेच खाली. कर्ज व्याजासकट फिटलं, दाखला मिळाला, ठेका संस्थेकडेच राहिला. इतर सर्व गोष्टी सरळ झाल्या म्हटल्यावर ऑडिटर आलाच. त्याने आक्षेप काढला: 'हप्त्याची रक्कम तारणाबाहेरील मरळ विक्रीतून. सदर मरळ कोठून आली याचा खुलासा करावा.' मी खुलासा केला: 'सदर मरळ पूर्वीपासून तेथेच होती.'

पुढच्या वर्षी बाई पुन्हा आल्या, कर्ज मागायला. तलावाच्या काठाने बेशरम माजली होती. ही दक्षिण अमेरिकेतून आलेली वनस्पती. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत, आणि तिचं मराठी नाव ज्याने ठेवलं त्याला मी मानतो. ती मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, आणि दुसऱ्या तलावांतून पाण्याखालचं गवत, कमळ, देवधान आणून लावायचं, म्हणजे मरळीला आडोसा होतो, पिलं वाचतात, झिंगे वाढतात, असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या गावांतल्या धीवर बायकांनी असं करून पाहिलं होतं आणि नाहीसे झालेले मासे परत आले होते. मी उत्साहाने प्रस्ताव पाठवला. वरून उत्तर आलं की तलावातलं गवत काढण्यासाठी कर्ज देता येईल, लावण्यासाठी देता येणार नाही.

बायकांनी कर्ज घेतलं नाही. उन्हाळाभर स्वतःच खपल्या. पहिल्या पावसात मी पाळीवरून पाहिलं तेव्हा त्या कंबरभर पाण्यात उभ्या राहून गवताचे जुडगे चिखलात रोवत होत्या, भाताची लावणी करावी तशा.

त्यानंतर लवकरच माझी बदली झाली. मामांचा फोन मात्र येत राहिला. दर मे महिन्यात, तलाव मोजल्यावर. शेवटचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज खोल गेला होता, पण हिशेब पक्का होता. मी कातरलेल्या शंभर माशांपैकी एकसष्ट त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखून वेगळे काढून दाखवले होते. बाकीचे एकोणचाळीस ते अजून धरून होते.

"साहेब, तुमचा एक कटला अजून तलावातच हाये. चांगला सात-आठ किलोचा झाला. जाळ्यात आला होता, मी सोडून देल्ला."

"मामा, कातरलेला पर पुन्हा उगवतो. तो माझाच हे कशावरून?"

"उगवते ना. पर वाकडा उगवते जी," मामा म्हणाले. "कात्री काय धीवरानं धरली होती?"